विश्लेषण : एका वेलांटीच्या बदलालाही कारण का द्यावे? सामायिक लेखनातील शिष्टाचार काय सांगतो?

विकिपीडियावरील लेख असो, कार्यालयातील सामायिक फाइल असो की गृहनिर्माण सोसायटीच्या इतिवृत्ताचा मसुदा. एकाच मजकुरावर आता अनेकांचे हात फिरतात. कुणी एखादी वेलांटी बदलतो, कुणी आकडा, तर कुणी एखादे वाक्यच काढून टाकतो. मोठा बदल लगेच नजरेत भरतो, छोटा मात्र निसटतो. त्यामुळेच बदल कितीही किरकोळ असला तरी तो का केला हे चार शब्दांत सांगावे, असा संकेत रूढ झाला. विकिपीडियाने तर त्यासाठी स्वतंत्र चौकटच ठेवली आहे. हा संकेत नेमका काय आहे, त्याची गरज का पडली आणि कारण लिहायचे तर कसे, याविषयी…

एका शब्दाने काय बिघडते?

फेब्रुवारी २००९ मध्ये कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांची जर्मनीचे आर्थिक व्यवहार मंत्री म्हणून निवड झाली. उमराव घराण्यातील असल्याने त्यांचे पूर्ण नाव म्हणजे दहा नावांची माळच. जर्मन विकिपीडियावरील त्यांच्या लेखात एका अनामिकाने त्या माळेत ‘विल्हेल्म’ हे अकरावे, खोटे नाव ओवले. बदल एका शब्दाचा. इतक्या लांब नावात तो कुणाला खटकणार? मोठ्या खपाच्या ‘बिल्ड’ दैनिकाने आणि ‘श्पीगेल ऑनलाइन’सह अनेक माध्यमांनी ते नाव जसेच्या तसे दिले. पुढे विकिपीडियावर या नावाविषयी शंका आली, तेव्हा पुरावा म्हणून याच माध्यमांकडे बोट दाखवले गेले. म्हणजे विकिपीडियावरून बातमीत आणि बातमीवरून पुन्हा विकिपीडियात, असा चुकीचा प्रवास पूर्ण झाला.

पान भरून खोटे लिहिले असते तर ते तासाभरात पकडले गेले असते. एक शब्द मात्र सरळ वर्तमानपत्रापर्यंत पोहोचला. छोट्या बदलांचा धोका आहे तो हाच.

बदलाचा ‘सारांश’ म्हणजे काय?

कुणालाही पान बदलता यावे, ही ‘विकी’ची मूळ कल्पना. अमेरिकी संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिले विकी सुरू केले. हवाई बेटांच्या भाषेतील ‘विकी’ या शब्दाचा अर्थ ‘झटपट’. याच पद्धतीवर जानेवारी २००१ मध्ये इंग्रजी विकिपीडिया आणि २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला. कुणीही काहीही बदलू शकत असेल तर गोंधळ होणारच, हे गृहीत धरून प्रत्येक बदलाची नोंद ठेवण्याची सोय केली गेली. प्रत्येक लेखाच्या ‘इतिहासा’त कोणी, केव्हा, काय बदलले हे दिसते आणि जुनी आवृत्ती परत आणता येते.

मात्र ‘काय बदलले’ हे यंत्र सांगू शकते, ‘का बदलले’ हे माणसानेच सांगावे लागते. त्यासाठी बदल जतन करण्यापूर्वी ‘सारांश’ नावाची छोटी चौकट येते. मोबाइलवर तर पान कसे सुधारले, असे थेट विचारलेच जाते. बरेच जण ती चौकट रिकामी सोडून पुढे जातात.

या चौकटीत मराठी लिहिणाऱ्यांची पूर्वी चांगलीच अडचण होत असे. तिची मर्यादा होती २५५ बाइटची. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटमध्ये मावते, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते. ‘विकिपीडिया’ या एका शब्दालाच ३० बाइट लागतात. म्हणजे मराठीत जेमतेम ८५ चिन्हांत कारण बसवावे लागे. २०१८ मध्ये ही मर्यादा ५०० चिन्हांपर्यंत वाढली. त्यामुळे जागा नव्हती, ही सबब आता उरलेली नाही.

बदल ‘छोटा’ आहे हे कोण ठरवते?

खाते असलेल्या संपादकाला ‘हा एक छोटा बदल आहे’ असे नोंदवण्याची सोयही आहे. त्यावर खूण केली की मराठी विकिपीडियाच्या ‘अलीकडील बदल’ या यादीत त्या नोंदीपुढे ‘छो’ हे अक्षर उमटते. लक्ष ठेवणारे अनेक जण वेळ वाचवण्यासाठी ‘छो’ असलेले बदल यादीतून वगळतात. म्हणजे ही खूण केल्यावर संपादक इतरांना सांगत असतो, ‘हे तपासले नाही तरी चालेल.’ म्हणूनच खाते नसलेल्यांना ही सोय दिलेली नाही.

येथे गल्लत होते ती ‘छोटा’ या शब्दाच्या अर्थात. आपल्याला वाटते, कमी अक्षरे बदलली म्हणजे बदल छोटा. विकिपीडियाचा निकष वेगळा आहे. ज्या बदलावर कुणीही, कधीही हरकत घेण्याची शक्यता नाही, तोच छोटा. सुटलेला पूर्णविराम, दोनदा पडलेला शब्द, टंकलेखनातील उघड चूक, मांडणीतील दुरुस्ती हे छोटे बदल. ‘होते’च्या जागी ‘नव्हते’ हा बदल एका शब्दाचा, तरी छोटा नव्हे. एखादे वाक्य काढणे, आकडा बदलणे, संदर्भ हटवणे हेही त्यात बसत नाही. मजकूर वगळून त्यावर ‘छो’ची खूण करणे तर सरळ गैरवर्तन मानले जाते. शंका असेल तर खूण करू नये, हा साधा नियम.

मराठीत वेलांटीही मोठी का ठरते?

मराठीत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘शिर’ म्हणजे डोके, ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. ‘सुत’ म्हणजे मुलगा, ‘सूत’ म्हणजे धागा. त्यातच तांत्रिक बाब अशी की, ‘अलीकडील बदल’ या यादीत प्रत्येक नोंदीपुढे मजकूर किती बाइटने वाढला वा घटला हे दिसते. पहिली वेलांटी काढून दुसरी दिली तर दोन्ही चिन्हे सारख्याच बाइटची असल्याने तेथे चक्क शून्य दिसते. आकड्यांचेही तसेच. यादीवरून झरझर नजर फिरवणाऱ्याला तो बदल जवळपास अदृश्यच असतो.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मवर्षाचे उदाहरण घ्या. वैशाख शुद्ध २, शके १५४९ म्हणजे १६२७ आणि फाल्गुन वद्य ३, शके १५५१ म्हणजे १६३०, अशा दोन मतांवर महाराष्ट्रात दीर्घकाळ वाद झाला. राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली आहे. एखाद्या लेखात कुणी ‘१६३०’चे ‘१६२७’ केले तर यादीत फरक शून्य बाइट. पण तो बदल छोटा आहे असे कोण म्हणेल?

शुद्धलेखनाची दुरुस्तीही वाटते तितकी निरुपद्रवी नसते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मधले. त्याआधीच्या पुस्तकांत अनुच्चारित अनुस्वार सर्रास आढळतात. जुन्या ग्रंथातील उतारा अवतरणचिन्हांत दिला असेल आणि कुणी सद्भावनेने त्यातले अनुस्वार काढून टाकले, तर ते शुद्धलेखन राहत नाही, मूळ लेखकाच्या मजकुरात केलेला फेरफार ठरतो. शहरांच्या नावांचा प्रश्नही असाच. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये. आजच्या शहराविषयीच्या वाक्यात नवे नाव योग्यच. पण सगळीकडे ‘शोधा आणि बदला’ची कळ दाबली, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचे शीर्षकही बदलून बसते. ‘फक्त चालू स्थितीच्या वाक्यांत नवे अधिकृत नाव, ग्रंथनामे तशीच ठेवली’ एवढे लिहिले असते, तर बदल करणारा विचार करून बदलतो आहे हे पुढच्याला कळले असते. कदाचित ते लिहिताना त्याच्या स्वतःच्याही लक्षात आले असते की, शीर्षके तपासायची राहून गेली आहेत.

कारण न दिल्यास नुकसान कुणाचे?

सर्वात आधी नवख्या संपादकाचे. समजा, आपल्या गावाच्या लेखात लोकसंख्येचा चुकीचा आकडा दिसला म्हणून कुणी तो बदलला. आकडा बरोबर आहे, पण कारण लिहिलेले नाही. अलीकडील बदलांवर पहारा देणाऱ्या स्वयंसेवकाला दिसते ते इतकेच : नवे खाते, बदललेला आकडा, रिकामा सारांश. आकड्यांशी मुद्दाम खेळणारे ‘उत्पाती’ही हेच करतात. दोघांत फरक करायला त्याच्याकडे काहीच साधन नसते. तो बदल उलटवतो. गावकऱ्याला वाटते, बरोबर लिहूनही पुसले. मग कशाला लिहायचे? तो पुन्हा फिरकत नाही. ‘२०११च्या जनगणनेनुसार आकडा दुरुस्त’ या चार शब्दांनी हे टळले असते.

दुसरे नुकसान पहारेकऱ्याचे. कारण असेल तर तो एका नजरेत पुढे जातो, नसेल तर प्रत्येक बदल उघडून आधीच्या आवृत्तीशी ताडून पाहावा लागतो. हे काम करणारे स्वयंसेवकच असतात. आपले दहा सेकंद वाचवण्यासाठी आपण त्यांची पाच मिनिटे खर्च करतो.

अर्थात ही जबाबदारी एकतर्फी नाही. दुसऱ्याचा बदल उलटवताना यंत्र आपोआप ‘अमुक यांची आवृत्ती परतवली’ असा सारांश घालते. तेवढ्यावर थांबणे हा त्या माणसाचा अपमानच असतो. उघड खोडसाळपणा सोडला तर उलटवण्याचे कारण देणे अधिक गरजेचे. कारण तेथे आपण कुणाची तरी मेहनत पुसत असतो.

एका बाबतीत मात्र कारण देणे केवळ शिष्टाचार राहत नाही. विकिपीडियावरील मजकूर मुक्त परवान्याखाली असतो आणि त्या परवान्यात मूळ लेखकांना श्रेय देण्याची अट आहे. एका लेखातील परिच्छेद दुसऱ्या लेखात हलवताना किंवा इंग्रजी लेखाचे मराठीत भाषांतर करताना मूळ लेख कोणता, हे सारांशात दुव्यासह नोंदवावे लागते. मराठीतील बरेच लेख भाषांतरातून आकाराला येत असल्याने ही नोंद येथे विशेष महत्त्वाची.

आपल्याकडे ही पद्धत नवी आहे का?

मुळीच नाही. जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी ‘शुद्धिपत्र’ असे : पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. शासन निर्णयात एखादा शब्द चुकला तर शासन गुपचूप नवा कागद लावत नाही, ‘शुद्धिपत्रक’ काढते आणि ‘अमुकऐवजी तमुक असे वाचावे’ असे सांगते.

सर्वात ठळक उदाहरण सातबाराचे. सातबाऱ्यावर नवे नाव लागते तेव्हा त्यासोबत फेरफार क्रमांक येतो. तो क्रमांक घेऊन फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६ पाहिली की नाव वारसाने लागले, खरेदीने की वाटणीने, हे कळते. बदल एका ठिकाणी आणि त्याचे कारण दुसऱ्या ठिकाणी, दोहोंना जोडणारा क्रमांक. विकिपीडियाचा ‘इतिहास’ याहून वेगळा नाही. ‘छोट्या बदला’चीही येथे वेगळी तरतूद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५५ नुसार अधिकार अभिलेखातील लेखनदोष दुरुस्त करता येतो. मात्र तपासणीत अधिकाऱ्याला स्वतःहून चूक आढळली तर संबंधितांना नोटीस देऊन त्यांच्या हरकतींचा निपटारा केल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. लेखनदोष म्हणून झालेली दुरुस्ती प्रत्यक्षात कुणाची जमीन हिरावू शकते, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

कारण कसे लिहावे?

‘बदल केला’, ‘दुरुस्ती’, ‘अपडेट’ हे लिहिणे न लिहिल्यासारखेच. बदल केला हे दिसतेच आहे. चांगल्या सारांशात दोन गोष्टी असाव्यात : काय बदलले आणि कशाच्या आधारे. नमुन्यादाखल काही :

• शुद्धलेखन : ‘कामगार दीन’ऐवजी ‘कामगार दिन’

• स्थापनेचे वर्ष संस्थेच्या स्मरणिकेनुसार दुरुस्त, संदर्भ जोडला

• संदर्भ नसलेले वाक्य काढले, चर्चा पानावर सविस्तर लिहिले आहे

• तुटलेला दुवा बदलला, मजकुरात बदल नाही

• परिच्छेदांचा क्रम बदलला, शब्द तेच

शेवटच्या दोन नमुन्यांत काय बदलले नाही, हेही सांगितले आहे. तपासणाऱ्याचा वेळ त्याने सर्वाधिक वाचतो. एका वेळी दहा प्रकारचे बदल केले असतील तर ते शक्यतो दोन-तीन टप्प्यांत जतन करावेत. शुद्धलेखनाच्या चाळीस दुरुस्त्यांत एक आकडा बदलला आणि सारांशात फक्त ‘शुद्धलेखन’ लिहिले, तर हेतू कितीही चांगला असला तरी वाचणाऱ्याला ती लपवाछपवीच वाटते.

पथ्येही आहेत. सारांश एकदा जतन केला की बदलता येत नाही, त्यामुळे रागाच्या भरात काही लिहू नये. मजकुराविषयी बोलावे, माणसाविषयी नाही. ‘कोणत्या अडाण्याने हे लिहिले?’ असे लिहिण्यापेक्षा ‘वर्ष चुकीचे होते’ पुरेसे आहे. सारांशाच्या चौकटीतून वाद घालू नये. मतभेद असेल तर लेखाचे ‘चर्चा’ पान त्यासाठीच आहे.

कारण देऊनही वाद होतात का?

होतात. ‘स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस’ या चित्रपटाच्या इंग्रजी शीर्षकातील ‘इन्टू’चे पहिले अक्षर मोठे असावे की लहान, यावर २०१३च्या सुमारास इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी सुमारे ४० हजार शब्दांची चर्चा केली. प्रश्न एका अक्षराचा होता, पण चर्चा उघड झाली आणि ती आजही वाचता येते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील एका सॉफ्टवेअर अभियंत्याचे. इंग्रजीतील ‘कम्प्राइज्ड ऑफ’ हा प्रयोग चुकीचा आहे, असे मानून त्याने २०१५ पर्यंत ४७ हजारांहून अधिक संपादने केली. हा प्रयोग शब्दकोशांतही नोंदला गेला असल्याने त्याचे म्हणणे सर्वांना मान्य नव्हते. तरी त्याने एक गोष्ट नेमाने केली. आपली भूमिका सविस्तर मांडणारे पान लिहिले आणि प्रत्येक दुरुस्तीच्या सारांशात त्या पानाचा दुवा दिला. ज्याला पटले नाही त्याला निदान का पटत नाही, हे नेमके सांगता आले. कारण दिल्याने प्रत्येक वेळी एकमत होते असे नाही, पण वाद संशयावरून मुद्द्यावर येतो.

कार्यालयातील फायलींनाही हे लागू आहे का?

तेथे तर अधिकच. विकिपीडियावर निदान इतिहास सर्वांना खुला असतो. गुगल डॉक्समध्ये आवृत्त्यांचा इतिहास संपादनाचा अधिकार असलेल्यांनाच दिसतो, केवळ वाचणाऱ्यांना नाही. तेथे कारणाची वेगळी चौकट येत नाही, पण २०१४ पासून ‘सुचवा’ पद्धत उपलब्ध आहे. तिच्यात बदल थेट लागू होत नाही, सूचना म्हणून रंगात दिसतो आणि शेजारी टिप्पणी लिहिता येते. दुसऱ्याच्या मजकुरात हात घालताना हीच पद्धत वापरावी. सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्तात ‘चर्चा झाली’चे ‘मंजूर झाले’ करणे, हा दोन शब्दांचा बदल आहे. त्यावर पुढे लाखो रुपयांचा खर्च अवलंबून असू शकतो. हिशेबाच्या तक्त्यातील आकडा बदलला तर त्या चौकोनालाच टीप जोडावी : कोणत्या पावतीवरून, कोणाच्या सांगण्यावरून. आणि मसुदा सर्वांनी मंजूर केल्यानंतर बदल करायचा असेल, तर गटावर तसे कळवल्याशिवाय करू नये.

व्हॉट्सअ‍ॅपवर २०२३ पासून संदेश पाठवल्यानंतर १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. समोरच्याला तो संपादित झाल्याची खूण दिसते, आधी काय होते ते मात्र दिसत नाही. त्यामुळे बैठकीची वेळ, खाते क्रमांक किंवा रक्कम यांसारखी गोष्ट बदलली असेल, तर जुना संदेश दुरुस्त करून गप्प बसू नये. ज्यांनी तो आधीच वाचला आहे, ते पुन्हा वर जाऊन पाहत नाहीत. ‘बैठक सहाऐवजी सात वाजता, सभागृह उशिरा मिळणार असल्याने’ असा नवा संदेश टाकावा.